गोड बातमी कचेरीत कधी सांगावी?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली असताना एक तरुण शिक्षिका आत आली. लग्नाला तीन वर्षे झालेली. घरी केलेल्या लघवीच्या तपासणीची पट्टी तिने कागदात गुंडाळून आणली होती. दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. मी अभिनंदन केले, पण तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच अधिक होती. काय खावे, कोणत्या गोळ्या घ्याव्यात, सोनोग्राफी कधी करायची, यातले काहीच तिने विचारले नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, शाळेत कधी सांगू? सासूबाई म्हणतात, तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही. आणि पुढच्या महिन्यात मुलांना सहलीला न्यायचं काम माझ्याकडे आहे."

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. सुरुवातीला क्वचित कानावर यायचा. आता आमच्या तालुक्याच्या गावातही मुली बँकेत, पतपेढीत, कापड दुकानात, औषधाच्या कारखान्यात कामाला जातात आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतेच. वैद्यकाच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. म्हणून आज औषधपाण्याची चर्चा थोडी बाजूला ठेवून या प्रश्नावर लिहिते आहे.

चोरचोळीमागचा विचार

आपल्याकडे ही बातमी सांगण्याचे एक वेळापत्रकच पूर्वापार ठरलेले आहे. दिवस गेल्याचे आधी नवऱ्याला, मग सासूला कळते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरच्या घरी, फारसा गाजावाजा न करता चोरचोळी होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, की साऱ्या गल्लीला निमंत्रण. म्हणजे बातमी एका दमात सगळ्यांना सांगायची नाही. आधी जवळच्यांना, मग नात्यातल्यांना, शेवटी गावाला.

नजर लागते वगैरे भाग सोडून द्या. पण या रीतीमागे अनुभव होता. ज्या गर्भधारणा निश्चितपणे कळून येतात, त्यांपैकी शंभरात सुमारे दहा ते पंधरा आपोआप पडतात आणि त्यातील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. त्यानंतर हा धोका बराच कमी होतो. आमच्या आज्यांकडे सोनोग्राफी नव्हती, पण तीन महिने पार पडले की जीव भांड्यात पडतो, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

याच ठिकाणी एक गैरसमजही दूर करायला हवा. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. तो दोष गर्भ राहतानाच निर्माण झालेला असतो. कचेरीचे जिने चढल्याने, टेबलावरची फाईल उचलल्याने किंवा कुणाला बातमी सांगितल्याने गर्भ पडत नाही. "मी आधीच सांगायला नको होतं," असे म्हणून रडणाऱ्या कितीतरी मुलींची मी समजूत घातली आहे.

न सांगितल्याने काय झाले

मग तीन महिने गप्प बसावे, हेच बरे नाही का? याचे उत्तर देण्यापूर्वी एक हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एका कचेरीतील लिपिक बाई. पाळी चुकून दोन आठवडे झाले होते. तपासणी घरीच केलेली, डॉक्टरांकडे अजून यायचे होते. कचेरीत कुणालाही पत्ता नव्हता. त्या दिवशी चतुर्थी होती. अकराच्या सुमारास पोटात एका बाजूला कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई खुर्चीतच कलंडल्या. सहकारी माणसे चांगली होती. उपवासाने पित्त झाले असेल म्हणून त्यांनी लिंबू-सरबत दिले, पंखा लावला, बाकावर निजवले. बाईंनाही सगळ्या पुरुषमंडळींसमोर खरे सांगण्याचा संकोच वाटला. दुपारी दोन वाजता नवरा आला, तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. माझ्याकडे आणल्या तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती.

गर्भ गर्भाशयात न राहता गर्भनलिकेत राहिला होता आणि नलिका फुटली होती. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा असे घडते. पोटात रक्तस्राव होत राहतो, बाहेर मात्र थेंबभरच दिसतो किंवा काहीच दिसत नाही. तातडीने शस्त्रक्रिया केली, रक्ताच्या बाटल्या मिळाल्या, बाई वाचल्या. पण ते तीन तास मी अजून विसरलेले नाही. त्या कचेरीत "हिची पाळी चुकली आहे" एवढे एकाच व्यक्तीला ठाऊक असते, तर लिंबू-सरबतात वेळ गेला नसता.

लवकर सांगितल्याने काय झाले

आता याची दुसरी बाजू. पतपेढीतील एका मुलीने पाचव्या आठवड्यातच पेढे वाटले. माझ्याकडे ती सातव्या आठवड्यात आली. सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले नाहीत. आठवड्याने पुन्हा पाहिले, तरी नाहीत. गर्भ वाढतच नव्हता. औषधोपचार झाले, शरीराने ती लवकर सावरली. पण काउंटरवर बसली की रोज एखादा खातेदार विचारायचा, "काय ताई, कितवा चालू?" त्यांना जुनीच बातमी ठाऊक होती. प्रत्येकाला नव्याने सांगावे लागायचे. महिनाभर तिने काउंटरवर बसायचे टाळले.

या दोन्ही मुली माझ्याच पेशंट. एकीने न सांगितल्याने जीव धोक्यात घातला, दुसरीने सर्वांना सांगितल्याने जखम पुन्हा पुन्हा उघडी पडली. म्हणून मी दोन याद्या करायला सांगते. "ज्यांना कळायला हवे" ती पहिली आणि "ज्यांना कळले तर आनंद होईल" ती दुसरी. पहिली लहान असते, तिच्यातल्यांना लवकर सांगावे. दुसरी मोठी असते, तिची घाई नाही.

माझी स्वतःची गोष्ट

हे शहाणपण मला कुणी शिकवले नाही. १९९२ साली मी एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. मला दिवस गेले होते आणि मी ते कुणालाही सांगितले नव्हते. त्याआधी वर्षभर माझ्या पुढच्या बॅचच्या एका डॉक्टरबाईबद्दल "आता ही ऑपरेशनला काय उभी राहणार!" असे बोललेले मी ऐकले होते. आपल्याही वाट्याची ऑपरेशने जातील, या भीतीने मी रात्रपाळ्या करत राहिले. उलट्या आल्या की बाथरूमचा नळ मोठा सोडायचे.

आठव्या आठवड्यात रात्रपाळीतच रक्तस्राव सुरू झाला. एका मैत्रिणीने गुपचूप सारे निस्तरले. तिसऱ्या दिवशी मी कामावर हजर होते. ताप होता, असे सांगितले. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद आपल्या कायद्यात १९६१ पासून आहे. ती मला लागू होती की नव्हती, हेही मी विचारायला गेले नाही, कारण विचारायचे म्हणजे आधी सांगावे लागणार.

वॉर्डातल्या मावशींनी मात्र ओळखले होते. त्यांनी काही विचारले नाही. स्टूल पुढे सरकवले, चहाचा ग्लास हातात दिला आणि म्हणाल्या, "बाई, आज बसून राउंड घ्या." त्या क्षणी मला रडू कोसळले. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

वर्षभराने पुन्हा दिवस गेले, तेव्हा सहाव्या आठवड्यातच मी वॉर्डच्या सिस्टरांना आणि आमच्या युनिटच्या प्रमुखांना सांगितले, बाकी कुणाला नाही. रात्रपाळ्या कमी झाल्या. ऑपरेशनेही थोडी गेली, हे खोटे कशाला सांगू? पण यावेळी काही झाले असते तर मला खोटा ताप सांगावा लागला नसता. सुदैवाने काही झाले नाही. ती मुलगी आज स्वतः नोकरी करते.

कामाचे स्वरूप पाहा

कधी सांगायचे, हे बरेचसे तुम्ही काय काम करता यावर ठरते.

टेबलावरचे काम असेल आणि तब्येत ठीक असेल, तर साहेबांना बाराव्या आठवड्यानंतर सांगितले तरी चालते. मात्र एका विश्वासू सहकारी बाईला पहिल्यापासून सांगून ठेवावे. तिच्याकडे नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर असावा.

पुढील कामे करणाऱ्या भगिनींनी मात्र तीन महिने थांबू नये. दिवस गेल्याचे कळताच वरिष्ठांना सांगावे.

क्ष-किरण विभाग: किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणा कळताच कळवायचे असते. त्यानंतर गर्भाला पोचणाऱ्या किरणांची मर्यादा सर्वसाधारण कर्मचाऱ्यापेक्षा खूप कमी धरली जाते आणि त्याप्रमाणे कामात बदल करावा लागतो. गर्भाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. म्हणजे इथे तीन महिने थांबणे म्हणजे नेमका जपण्याचा काळ घालवणे.

रसायने, कीटकनाशके, शिसे, रंग: कारखान्यात, बॅटरीच्या दुकानात किंवा फवारणीच्या कामावर असाल, तर काम बदलून मागावे. रुग्णालयात कर्करोगाची औषधे तयार करणाऱ्या परिचारिकांनाही हेच लागू.

जड ओझी, तासन्‌तास उभे राहणे, रात्रपाळी: कापड दुकानातील विक्रेत्या, बसवाहक, यंत्रमागावरच्या कामगार यांनी बसायला स्टूल, मधून विश्रांती आणि लघवीला जाण्याची सोय यांसाठी तरी सांगावे. पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची, ही सवय गरोदरपणात मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देते.

शाळा आणि अंगणवाडी: इथे मुलांच्या साथी येतात. कांजिण्या आणि रुबेला हे दोन आजार गर्भाला अपाय करू शकतात. आपल्याला कांजिण्या पूर्वी झाल्या होत्या का, हे आईला विचारून ठेवा. झाल्या नसतील आणि वर्गात कांजिण्यांचे मूल आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गरोदरपणात देता येत नाहीत. त्या आधीच घ्यायच्या आणि मग निदान एक महिना थांबायचे.

याशिवाय आधी गर्भपात झालेला असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असेल, उलट्यांनी पाणीही पोटात ठरत नसेल, तर कामाचे स्वरूप कोणतेही असो, लवकर सांगावे. उलट्यांचा जोर बहुधा सहाव्या ते बाराव्या आठवड्यात असतो. म्हणजे बातमी लपवायची धडपड आणि सर्वाधिक त्रास एकाच वेळी येतात.

कायदा काय म्हणतो

कितव्या महिन्यात सांगावे, असा दिवस कायद्याने ठरवून दिलेला नाही. ती निवड तुमची. पण आपल्या हक्काचे काय आहे, हे ठाऊक असले की सांगण्याची भीती निम्मी होते.

मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आहेत. कारखाने, तसेच दहा किंवा अधिक माणसे असलेली दुकाने व आस्थापना यांना त्या लागू आहेत. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ऐंशी दिवस काम झालेले असावे. सव्वीसपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील, तर रजा बारा आठवडे. राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगार स्त्रियांना हा लाभ त्या योजनेतून मिळतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे रजेचे नियम वेगळे असून तिथे १८० दिवसांची प्रसूती रजा आहे.

गर्भपात झाल्यास सहा आठवडे रजा आहे. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, ते मागून घ्यायला लाजू नका. गरोदरपणामुळे किंवा त्या रजेवर असल्यामुळे कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. रोजंदारीवरच्या स्त्रियाही या हक्काला पात्र आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला होता. रजेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. काही कारणाने अर्ज आधी देता आला नाही, तर बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर द्यावा. तेवढ्यावरून हक्क जात नाही.

कायद्याचा हात सगळीकडे पोचत नाही, हेही खरे. उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. बाईने मुकादमाला सांगितले तर आधी घेतलेल्या उचलीचे काय, हा प्रश्न येतो. म्हणून ती आठवा महिना लागेपर्यंत मोळ्या वाहते. या भगिनींनी मुकादमाला सांगो न सांगो, आशाताईला मात्र बारा आठवड्यांच्या आत सांगून नाव नोंदवावे. माता व बाल संरक्षण कार्ड पाल ठोकाल त्या गावी जवळ ठेवावे. कोणत्याही सरकारी केंद्रात ते दाखवून तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते.

कसे सांगावे

वरिष्ठांना एकांतात, पाच मिनिटे वेळ मागून सांगावे. अंदाजे तारीख, सध्या काय जमणार नाही आणि काय जमेल, एवढेच बोलावे. "मला सहलीला जाता येणार नाही, पण निकालाचे काम मी पूर्ण करीन," असे म्हटले की ऐकणाऱ्यालाही सोपे जाते. "सध्या कुणाला सांगू नका," ही विनंतीही स्पष्टपणे करावी. साहेब पुरुष असून संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावे. "हलके काम द्यावे," एवढीच चिठ्ठी मी अनेकींना देते.

बाकी सर्वांना बारा आठवड्यांनंतर सांगितले तरी पुरते. ज्यांना गर्भातील व्यंग पाहण्याची, अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी होईपर्यंत थांबायचे असेल, त्यांनी थांबावे. आधी मूल गमावलेल्या बाईला सातव्या महिन्यापर्यंत तोंड उघडावेसे वाटत नाही. तिला "एवढं काय लपवायचं?" असे टोचू नये.

एक मात्र कधीही लांबवू नका, ते म्हणजे डॉक्टरांना सांगणे. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायची असते. कचेरीत सांगायचे नाही म्हणून दवाखान्यातही न येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि पोटात एका बाजूला तीव्र कळ, अंगावर रक्त जाणे, चक्कर, खांद्यात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर कोण काय म्हणेल याचा विचार न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

साहेबलोकांसाठी चार शब्द

हे सदर वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना, मॅनेजरांना आणि दुकानमालकांना एक विनंती. तुमच्या हाताखालची मुलगी ही बातमी केव्हा सांगते, हे तिच्यापेक्षा तुमच्यावर अधिक अवलंबून असते. मागच्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेबद्दल तुम्ही चारचौघांत काय बोललात, ते तिने ऐकलेले असते. तिने सांगितले, तर पहिले वाक्य रजेचे नसावे. "तब्येत कशी आहे?" एवढे विचारले तरी पुरे. आणि ऐकलेले स्वतःजवळ ठेवा. बातमी तिची आहे, ती तिलाच सांगू द्या.

ती शिक्षिका परवा तपासणीला आली होती. तेरावा आठवडा लागला आहे, सोनोग्राफी व्यवस्थित आहे. पहिल्या भेटीनंतर आठच दिवसांनी ती मुख्याध्यापिकाबाईंशी बोलली होती. बाईंनी सहलीचे काम दुसऱ्या शिक्षकांना दिले आणि कारण कुणालाही सांगितले नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाईंकडे तिने माझा नंबर देऊन ठेवला आहे. सासूबाईंनाही हे सारे सांगितल्याचे ती म्हणाली.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारले.

"म्हणाल्या, बरं केलंस. चोरचोळीला दोघींनाही बोलाव."

(पुढील आठवड्यात: गरोदरपणातील रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या)